जिवंत माणसाचा पुतळा

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठेही फिरा. एखाद्या वळणावर, हॉटेलच्या फाटकाशी किंवा शाळेच्या अंगणात सिमेंटचा घुमटवाला तुम्हाला भेटेलच. त्यातले बरेचसे मी केलेले आहेत. जे तिरळे आहेत ते माझ्या मेहुण्याचे.

मला गुरुदास मेस्त म्हणतात. आमच्याकडे सुतार, गवंडी, मूर्तिकार, कोणाही कारागिराला मेस्त म्हणायची रीत आहे, त्यामुळे आडनाव विचारायची वेळ कोणावर येत नाही. आता गुडघे फळीवर चढू देत नाहीत म्हणून काम थांबवलं आहे, पण उमेदीची सगळी वर्षं सिमेंटात गेली. फाटकावरचे सिंह केले, तुळशीवृंदावनं केली. मोरजीच्या एका गेस्टहाऊसला कासव करून दिलं, त्यावर पाहुण्यांची पोरं इतकी बसली की त्याची पाठ टक्कल पडल्यासारखी गुळगुळीत झाली. पण सगळ्यात जास्त मागणी असायची ती वाजवणाऱ्या माणसांना. घुमटवाले, सनईवाले, ढोलवाले.

घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं असलेलं पोटाळं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवतात आणि ते उजव्या हाताच्या बोटांनी वाजवतात. डावा तळवा मागचं लहान तोंड झाकत-उघडत राहतो, आणि सगळी गंमत त्या डाव्या हातात असते. चतुर्थीला घुमट वाजलं नाही तर आरती झाली असं आमच्याकडे कोणी धरत नाही.

काम ऐकायला सोपं आहे. सळईचा सांगाडा उभा करायचा, त्याला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी गुंडाळायची, वर चाळलेल्या रेतीचा माल थापत जायचं आणि मग गोणपाट भिजवून भिजवून त्याला आजारी माणसासारखं जपायचं. माल ओला आहे तोवर नाक इकडचं तिकडे करता येतं. एकदा धरला की मग फक्त छिन्नी.

कठीण असतं ते गिऱ्हाईकाला काय हवंय ते ओळखणं. वाजवणारा माणूस नुसता वाजवतोय, हे पैसे देणाऱ्याला पुरत नाही. त्याचा काहीतरी अर्थ निघावा लागतो. हॉटेलवाल्याला तो 'या, बसा' म्हणणारा हवा असतो. शाळेच्या हेडमास्तरांना त्याच्यात संस्कृती हवी असते, म्हणून तो ताठ उभा आणि केस विंचरलेला. मांद्र्याच्या एका हॉटेलवाल्याने मला सांगितलं, "मेस्त, ढोलवाल्याच्या दुसऱ्या हातात ग्लास द्या." मी म्हटलं, मग ढोल कोण वाजवणार? तो म्हणाला, "वाजवायला कशाला हवा? तो आनंदी दिसला की झालं." दिला ग्लास. अजून उभा आहे, पाऊस पडला की त्याचा ग्लास भरतो.

सुर्ल्याला खनिजाचे ट्रक असलेल्या एका गृहस्थांनी बंगल्याच्या फाटकावर दोन बाजूंना दोन सनईवाले बसवून घेतले. त्यांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं आणि दारात सनई असली की घरात लग्न येतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. वर्षाच्या आत लग्न आलं. त्यांच्या साठी उलटलेल्या विधुर भावाने घरी न सांगता केलं. ते मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मेस्त, सनईवाल्यांनी काम केलं, पण माणूस चुकला." त्यांच्या शेजाऱ्याची तक्रार वेगळी होती. डावीकडच्या सनईचं तोंड त्याच्या जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे होतं आणि दिवसभर कोणीतरी आपल्या घरात फुंकतंय असं त्याला वाटायचं. तिथे मला एक झाड लावून द्यावं लागलं.

हे सगळे हसून सोडण्यासारखे प्रसंग. एक मात्र असा झाला की मी छिन्नी हातात घेऊन माझंच काम फोडायला फळीवर चढलो होतो.

पेडणे तालुक्यातला एक गाव. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जेवायला बोलावतात. गावच्या तिठ्यावर पंचायतीने एक गोल चौथरा बांधला आणि त्यावर घुमटवाला बसवायचं ठरवलं. तो कोणाकडे तोंड करून बसणार, यावर पहिली सभा झाली. रस्ते तीन. एक देवळाकडे जातो, एक वरच्या वाड्यावर, एक समुद्राकडे. वरच्या वाड्याचे लोक म्हणाले, आमच्याकडे पाठ चालणार नाही. देवळाकडे तर कोणीच पाठ करू शकत नव्हतं. एकाने मोटर बसवून पुतळा फिरता ठेवावा असं सुचवलं, त्यावर बराच वेळ गंभीरपणे चर्चा झाली. शेवटी सरपंचबाईंनी निकाल दिला, "पाठ समुद्राकडे करा. थंयचे लोक दिसभर पालथेच पडलेले असतत, ते काय बोलूचे नाय."

मला चेहरा हवा होता. मनाने चेहरा केला की तो बाहुल्यासारखा होतो. गावात सगुण परब म्हणून घुमट वाजवणारे होते. सत्तरीचे, सडपातळ, बोलायला कमी. चतुर्थीला आणि भजनाच्या सप्ताहाला त्यांच्याशिवाय पान हलत नसे. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बसतंय. पण दात घालूक होये."

सगुणभाऊंच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. मी कबूल केलं, वरची ओळ पूर्ण देतो. त्यांची दुसरी अट होती की घरी काही बोलायचं नाही. बायकोला ते सांगत होते की मेस्ताकडे नव्या तुळशीवृंदावनाचं बघायला जातो. ते माझ्या मांगरात, कामाच्या खोपटात, येऊन बसायचे. नुसतं बसणं त्यांना जमायचं नाही, त्यामुळे ते वाजवायचे आणि मी थापायचो. एवढ्या मजेत मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही. डावा हात तर असा साधला की आजही फोटो काढणारे तिथेच कॅमेरा जवळ नेतात. दात मात्र जरा जास्तच ठसठशीत आले.

उद्घाटनाला पाहुणे आले, भाषणं झाली. घुमट म्हणजे मातीचा हुंकार, घुमटवाला म्हणजे आपल्या परंपरेचं प्रतीक, असं बरंच काही बोललं गेलं. मग पडदा सरकवला, आणि पाहुण्यांनी पुतळ्याच्या गळ्यात झेंडूचा घसघशीत हार घातला. खाली उदबत्त्या लावल्या, नारळ फोडला. लोकांनी हात जोडले.

बायकांच्या घोळक्यात सगुणभाऊंची बायको, सत्यवतीवैनी, उभी होती. नवऱ्याचा पुतळा आहे हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि त्याच्या गळ्यात हार आहे हेही. माणूस फोटोत गेला आणि वर हार चढला की त्याचा अर्थ काय, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. ती तडक घरी गेली. सगुणभाऊ तिच्या मागे गेले. वृंदावनाचं नाव त्या दिवशी त्या घरात कोणी काढलं नसावं.

त्या हाराचा फोटो मोबाइलवरून दोन दिवसांत सगळीकडे पोचला. तिसऱ्या दिवशी दोडामार्गाहून सगुणभाऊंची आतेबहीण सकाळच्या बसने आली. पांढरं लुगडं, डोळे सुजलेले. अंगणातूनच तिने सूर लावला. दार सगुणभाऊंनी उघडलं. ती त्यांच्याच गळ्यात पडून रडली आणि रडता रडता विचारलं, "कसो गेलो रे तो?"

"कोण?" सगुणभाऊ म्हणाले.

मग तिने वर बघितलं. पुढचं मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. ती तिथेच मटकन बसली, तिला कांद्याचा वास द्यावा लागला, आणि शुद्धीवर आल्यावर ती सगुणभाऊंवर भयंकर रागावली. सकाळची पेज न घेता, बसचं भाडं खर्चून ती आली होती.

तिच्यानंतर आणखी काही आले. लांबचे लोक फोन करायचे आणि फोन सगुणभाऊंनी उचलला की ठेवून द्यायचे. शाळेची मुलं येता-जाता पुतळ्याला नमस्कार करायची. रोज कोणीतरी फुलं वाहून जायचं, एका बाईने तेलाची पणतीही ठेवली. इथवर मी गावात बसून हे सगळं रंगवून सांगत होतो आणि हसत होतो.

मग सगुणभाऊ आजारी पडले. साधा ताप होता, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला. पण माणूस उठला नाही. जेवण तुटलं. मी भेटायला गेलो तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि घुमट खुंटीला टांगलेलं होतं.

"काय होतं?" मी विचारलं.

"काय नाय," ते म्हणाले. मग आपणहून बोलले. भजनी मंडळाची माणसं येऊन गेली होती. देवळातल्या सप्ताहाला यंदा सगुणभाऊंच्याच पुतण्याला बसवणार होती. "तुमी आता मोठे झालात म्हणाले. तुमचो मान आता तिठ्यार आसा, तुमी आराम करा." मग म्हणाले, "मेस्त, थंय माका बसवलो आणि हंयसून उठवलो."

 मंडळाची माणसं वाईट नव्हती. त्यांना खरंच आदर वाटत होता. तेच तर अवघड होतं.

मी अंगणात आलो तेव्हा सत्यवतीवैनी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. ती वर न बघता म्हणाली, "मेस्त, माझो घोव जितो आसा. तेचां तोंड थंयसून काडा."

मी सरपंचबाईंकडे गेलो. त्यांनाही हे पटलं. पण चेहरा काढायचा तर जागी कोणाचा ठेवायचा? पुन्हा सभा भरली. जिवंत माणूस कोणी तयार होईना. सगुणभाऊंची दशा सगळे बघत होते. मेलेल्यांपैकी ठेवावा तर वरचा वाडा म्हणे आमचा, खालचा म्हणे आमचा. सरपंचबाई म्हणाल्या, "कोणाचोच नाय असो चेहरो करा." मी कागदावर चित्र काढून दाखवलं. सभेतला एक म्हणाला, हा तर आमचा पोदेर, पाव घेऊन येतो तो. दुसरं काढलं, त्यात कोणाला तलाठी दिसला. मिशा वाढवल्या तर दुसऱ्या गावच्या सरपंचांसारखा दिसू लागला आणि आमच्या सरपंचबाईंनी कागदच उलटा केला. दाढी लावली तर साधू झाला, आणि साधूच्या पायाशी लोक पैसे टाकायला लागतील म्हणून देवळाच्या समितीने हरकत घेतली. वाजवणारा हा सगळ्यांचं प्रतीक असावा असं भाषणात म्हणणं सोपं आहे. सगळ्यांचा मिळून एक चेहरा करायला बसा म्हणजे कळतं. शेवटी ठरलं की आधी आहे तो फोडावा, मग बघू.

सकाळी तिठ्यावर मासळीवाल्या बसतात, तेव्हा मी फळी लावून वर चढलो. त्या दिवशीचा ताजा हार गळ्यात होताच. काम नीट होतं की नाही ते बघायला सत्यवतीवैनी आली. हातात मासळीची पिशवी. मी छिन्नी नाकावर टेकवली. आपण घडवलेल्या नाकावर छिन्नी टेकवणं कसं असतं ते सांगत नाही. हातोडी उचलणार, एवढ्यात खालून आवाज आला.

"रवा."

मी थांबलो. ती चौथऱ्याजवळ आली आणि मान वर करून बघू लागली. उद्घाटनाच्या दिवशी हार दिसल्यावर तिने पुढे बघितलंच नव्हतं, आणि त्यानंतर ती तिठ्यावरून खाली मान घालून जायची.

"हे दात कोणी घातले?"

"त्यांनीच सांगितलं होतं, वैनी," मी म्हणालो.

 मग तिने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि पुतळ्याकडे बोट केलं.

"तीन वर्सां सांगतंय, म्हापशाक जावया, दात करून घेवया. म्हणता, म्हातारपणात दात कित्याक? पेज पितंय, तीच पुरो. हंय बरे दात करून घेतलंस, सगळ्या गावाक दाखवूक. आणि घरात माका रोज भाजी वाटूची पडता! तुळशीचां वृंदावन खंय आसा? कार्तिकात लगीन कोणाच्या अंगणात लावू तुळशीचां, मेस्ताच्या? चार लोक रडान गेले माझ्या दारात, चाय करून करून माझे हात मोडले, आणि तू पडलंस भिंतीकडे तोंड करून. ताप गेलो, आता काय ढोंग? नळाचो वायसर कोण बदलतलो?"

मी फळीवर, हातोडी तशीच वर धरलेली. मासळीवाल्यांनी विकणं थांबवलं होतं. मोटारसायकली उभ्या राहिल्या. बोलणं नळावरून परसातल्या नारळांवर गेलं, तिथून लग्नात सगुणभाऊंच्या मामाने केलेल्या अपमानावर आलं. तो मामा केव्हाच वारला होता, त्यालाही सोडलं नाही. पुतळा दात काढून हसत होता, आणि त्यामुळे तिचा राग वाढतच होता.

शेवटी एक म्हातारी मासळीवाली उठली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तो हार काड रे. मेलेल्याक कोण असां बोलता?"

मी छिन्नी खिशात घातली आणि हार काढून तिच्या हातात दिला. तिने तो शेजारी उभ्या असलेल्या गाईपुढे टाकला.

सत्यवतीवैनी तशीच तावातावाने घरी गेली, आणि मी अवजारं गोळा करून मागोमाग. तिठ्यावर जे बोलून झालं होतं ते सगळं तिने खाटेपाशी उभं राहून पुन्हा एकदा सांगितलं. दातांपर्यंत सगुणभाऊ गप्प होते. वॉशरपर्यंत गप्प होते. मामाचं नाव निघालं तसे ते उठून बसले.

"मामाचां नाव काडू नको," ते म्हणाले. "तेणी अपमान केलो नाय. तुझ्या बापाशीनच नारळ उशिरा दिलो."

"म्हणजे तुका सगळां आयकाक येता," ती म्हणाली. आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने पेज वाढून आणली. बाहेर येऊन मला एवढंच म्हणाली, "तोंड रवांदे तसांच."

त्यानंतर ती मासळीला गेली की चौथऱ्यापाशी थांबायची आणि घरची राहिलेली बोलणी तिथे पुरी करायची. कधी दोन वाक्यं, कधी बराच वेळ. बायको ज्याला रोज भर तिठ्यावर बोलते त्याला हार घालणार कोण? फुलं बंद झाली, पणती बंद झाली. मुलं नमस्कार करायची ती आता सगुणभाऊंना वाटेत गाठून विचारू लागली की काल नारळ पाडलात का. भजनी मंडळाची माणसं जरा ओशाळली आणि पुन्हा घरी आली. मानाचं बोलणं कोणी काढलं नाही. सप्ताहाला पुतण्या हवाच आहे, पण त्याचा डावा हात कच्चा आहे, तुम्ही शेजारी बसा, असं म्हणाली. सगुणभाऊंनी खुंटीवरून घुमट काढलं.

समुद्राकडून पर्यटकांना घेऊन येणारा एक गाइड आहे. तो एकदा लोकांना समजावून सांगत होता, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. हा आमचा संगीताचा देव, आणि गावातल्या स्त्रिया सकाळी येऊन त्याला मोठ्या आवाजात साकडं घालतात. सत्यवतीवैनी तेव्हा गळक्या नळाबद्दल बोलत होती. दोन परदेशी बायकांनी डोळे मिटून हात जोडले. मी दुरुस्त करायला गेलो नाही. माझ्या धंद्यात अर्थ गिऱ्हाईकाचा असतो.

त्या चतुर्थीला मला त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. सगुणभाऊंनी म्हापशाला जाऊन दात करून आणले होते, पण आरतीला बसताना काढून वाटीत ठेवले. म्हणाले, तालात नाही बसत, वेगळेच वाजतात. मग आरती सुरू झाली. मी समोर बसून त्यांचा हात बघत होतो. मधेच त्यांची एक मात्रा घसरली. माझ्या लक्षात आली नाही, बहुतेक कोणाच्याच नाही. स्वयंपाकघरातून हळदीच्या पानातल्या पातोळ्या काढता काढता आवाज आला, "हूं." सगुणभाऊंनी मान हलवली आणि हात सावरला.

तेव्हा मला रुखरुख लागली. इतकी वर्षं इतके वाजवणारे केले, पण ऐकणारं माणूस एकही केलं नाही. कोणी मागितलं नाही हे खरं. पण मलाही सुचलं नव्हतं.

निघताना सत्यवतीवैनी पातोळ्यांचं पुडकं द्यायला दारापर्यंत आली. मी तिला म्हटलं, "वैनी, तिठ्यावर त्यांच्यासमोर तुमचाही एक पुतळा करतो. सरपंचबाईंना मी पटवतो."

ती विचारात पडली. "तोंड उघडां करशात?"

मी खरं ते सांगितलं. "सिमेंटात उघडं तोंड टिकत नाही. पाणी साचतं, चिमण्या घरटं करतात. मिटलेलं करावं लागेल."

"मगे नको," ती म्हणाली. "मी आपली चलत जातंय, बोलूक."